येसूकाकीचे नऊशे नव्व्याण्णव खेळ

येसूकाकीकडून बांगडे घ्यायचे तर आधी खेळ ऐकावा लागायचा. आमच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी आठच्या सुमाराला ती डोक्यावर पाटी घेऊन यायची, आमच्या पायरीवर ती उतरवायची, वरचं ओलं फडकं बाजूला करायची आणि गिऱ्हाईक कल्ले उघडून बघायला वाकलं की सुरू व्हायची.

“काल एक खेळ संपलो गो वयनी. मोटारींचो. पळतत पळतत, पण एकय थांबणा नाय. गोल फिरान परत थंयच येतत. मगे गेले कित्याक?” आणि शेवटी तिचा ठरलेला निकाल, “त्या गावात चेडू देवची नाय.”

खेळ म्हणजे टीव्हीवरचे व्हिडिओ गेम. येसूकाकी तेव्हा पंचावन्न-छप्पनची असेल. नऊवारी लुगडं, कानात भोकरं, अंगाला मासळीचा वास, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या हातातला बांगडा हातातच राहावा. खेळ बरा की वाईट याची तिची एकच परीक्षा होती, तिथे मुलगी द्यावी की न द्यावी. माझ्या आठवणीत फक्त तीन खेळांना मुलगी मिळाली.

एका खेळात वरून चिरे पडायचे आणि ते खाली नीट रचायचे असत. त्यावर ती चिडलीच होती. “ओळ पुरी केली काय गायब! अरे, बांधतंव ता रव्हाक नको? गवंडी खुळो तो खुळो, आणि घराचो धनी खंय गेलो?” दुसऱ्यात एक माणूस नुसता उजवीकडे पळत सुटायचा. त्याची तिला काळजी लागून राहिली होती. “घराकडे सांगून इल्लो दिसणा नाय. वाटेत खड्डे, खड्ड्यात काटे. काय खरा नाय तेचा.” ‘काय खरा नाय’ हे तिचं पालुपद होतं. पाऊस, सरकार, बर्फवाला, माझी तब्येत, कशाचंच काही खरं नसायचं.

मी दिगंबर. मालवणात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि येसूकाकीचं घर माझ्या घराला लागून. स्वभावाने मी काळजीखोर. दुकानाला कुलूप लावून घरी आलो की परत जाऊन ते एकदा ओढून बघतो. अशा माणसाच्या शेजारी येसूकाकी यावी हा देवाचा खट्याळपणा म्हणायचा. ही हकिगत दोन हजार चार-पाचच्या सुमाराची, म्हणजे रोज दोन-दोनदा लाईट जायची त्या काळातली.

हे खेळ तिच्या घरात आले ते असे. तिचा नवरा तांडेल. होडीवर हुकूम देणारा तो तांडेल. वारा कुठला, पाणी किती, खडप म्हणजे पाण्यातले खडक कुठे हे त्याने बघायचं आणि ओरडून सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या तांडेलांचा आवाज असा की एका होडीवरून हुकूम दिला तर शेजारच्या होडीतले खलाशी दोर ओढायला लागत. एका दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा बसली. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय थोडा सुधारेल, बोलण्याचं काही सांगता येत नाही. होडी पुतण्याकडे गेली. तांडेल ओटीवरच्या खाटेवर बसून समुद्राकडे बघत राहिले, आणि पुढे पुढे तेही बघेनासे झाले.

मे महिन्यात फोंड्याला दिलेली मुलगी सुट्टीला आली आणि परत जाताना तिच्या पोरांचा टीव्ही गेम इथेच विसरला. एक काळा डबा, एक रिमोट, एक पिवळी कॅसेट. येसूकाकीने एका दुपारी तो लावला आणि तिला दिसलं की रिमोटच्या डाव्या अंगाला दिशेचं बटण आहे आणि उजव्या अंगाला उडी मारायचं. तांडेलांचा डावा हात धड होता. तिने रिमोटचा डावा अर्धा त्यांच्या हातात दिला, उजवा स्वतः धरला. दोघं खाटेवर खांद्याला खांदा लावून बसली. वळवायचं त्यांनी, उडी मारायची हिने.

तो पळणारा माणूस पहिल्याच खड्ड्यापाशी आला. काकीने बटण दाबायला उशीर केला, माणूस काट्यांवर पडला, आणि सात महिने गप्प असलेल्या तांडेलांच्या तोंडून शब्द आला, “मेलो!”

येसूकाकी तशीच आळीत धावत सुटली. “मेलो! मेलो!” एवढंच ओरडत होती. तांडेलच गेले असं समजून घराघरांतून माणसं आली. माझे वडील, आप्पा, तर खांद्यावर पंचा टाकून, चेहरा लांब करून पोचले. बघतात तर तांडेल खाटेवर बसलेले, डाव्या हातात रिमोट, आणि डोळ्यांत कित्येक महिन्यांत न दिसलेली चमक. त्या दिवशी काकीने मासळी घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकांनाही परत बोलावून गूळ वाटला.

तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं की या खेळांत तांडेलांची वाचा आहे. आणि गंमत अशी की खेळामागून खेळ संपत गेले तसे शब्द खरंच येत गेले. ‘डावो’ आला. ‘थांब’ आला. ‘खडप’ आला. एकदा ‘चाय’ आला, तो खेळातला नव्हता, पण काकीने धरला. कॅसेटवर मोठ्या आकड्यात ‘९९९ खेळ’ असं छापलेलं होतं. ती मला म्हणायची, “एका खेळाक एक शब्द धरलंस तरी इचार कर दिगू. नवशे नव्व्याण्णव शब्द! इतके तर ते आधीय बोलत नसत.”

प्रत्येक नवा खेळ सुरू करण्याआधी गाऱ्हाणं व्हायचं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू करत नाहीत. एकाने मागणं बोलायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा, ही रीत. टीव्हीपुढे नारळ ठेवून येसूकाकी उभी राहायची आणि मला दुकानात हाक यायची, कारण हुंकाराला एक तरी माणूस पाहिजे.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो सातवो खेळ सुरू करतंव.”

“व्हय म्हाराजा!” मी, हातात सोल्डरिंगची पेन्सिल तशीच.

“लाईट जावक देव नको, टीव्ही जळाक देव नको!”

“व्हय म्हाराजा!”

“वाटेत कोण राक्षस-बिक्षस आडवो येत आसात, तर तेका गुमान बाजूक कर, म्हाराजा! आणि हेंच्या तोंडात एक शब्द घाल!”

शेवटच्या मागण्याला माझा हुंकार नेहमी थोडा बारीक निघायचा.

लाईटची भीती खरी होती. त्या डब्याला आठवण म्हणून नव्हती. दहा दिवस खपून शेवटच्या टप्प्यावर यावं आणि लाईट जावी, की पुन्हा पहिल्यापासून. असं दोनदा झाल्यावर तिचा चेहरा बघवेना. मी होडीवरची जुनी बारा व्होल्टची बॅटरी आणून त्यावर माझा छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि तो डबा जोडून दिला. तेव्हापासून मी तिच्या लेखी मोठा इंजिनियर झालो. खेळातले रंग गेले याचं तिला काही वाटलं नाही.

यादीतला पहिला खेळ मात्र त्यांनी मागे ठेवून मधेच खेळला. तो होडीचा होता. समुद्र, खडप, भोवरे, आणि त्यातून एक होडी पलीकडच्या बंदराला न्यायची. मुलगी गेली आणि पाऊस सुरू झाला. काकीने साफ सांगितलं, “पावसात होडी घालूची नाय. नारळी पुनवेक दर्याक नारळ दिल्याशिवाय नाय.” मी म्हटलं, काकी, तो टीव्ही आहे. “टीव्हीतलो झालो म्हणान दर्यो नाय?” सगळा पावसाळा त्यांनी मोटारी, चिरे आणि राक्षस यांच्यावर काढला. नारळी पौर्णिमेला काकी खऱ्या समुद्राला नारळ देऊन आली आणि मग होडी काढली. त्या खेळात त्यांच्या अकरा होड्या बुडाल्या. बारावी पोचली तेव्हा ती मला सांगायला आली ते रडत, आणि म्हणाली, थंय चेडू देवक हरकत नाय.

बंदुकीच्या खेळात त्यांनी एकही माणूस मारला नाही. सगळ्यांना चुकवत चुकवत, एक महिना लावून, शेवट गाठला. “माझा बोटच उठणा नाय रे. त्या शिपायांचीय घराकडे कोणतरी वाट बघीत आसतला.” राजकन्येच्या खेळानंतर मात्र ती दोन दिवस खेळाविषयी काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बांगडे मोजताना माझ्या बायकोला एवढंच म्हणाली, “बारा दरवाजे फोडून गेलंव. ती नुसती उभी. आमी इतक्या लांबसून इलंव, तर ‘बसा’ म्हणूक नको?”

आता माझा गुन्हा सांगतो. त्यांचे बारा खेळ झाले होते तेव्हा अडॅप्टर जळाला म्हणून काकीने सगळं बोचकं माझ्या दुकानात आणलं. अडॅप्टर बदलला आणि नीट चालतं का बघायला मी यादी खाली खाली नेत गेलो. बाविसावा खेळ लावला तर आत होडी. तेविसावा लावला तर आत तोच पळणारा माणूस. यादीत नावं निराळी, आत तेच. शंभरावा, पाचशेवा, नऊशेवा लावून बघितला. खरे खेळ एकवीस. पुढे नऊशे नव्व्याण्णवपर्यंत त्याच एकविसांचं पुन्हा पुन्हा दळण.

नऊ खेळ उरले होते. मी डबा परत दिला आणि काही बोललो नाही. बोलायला हवं होतं हे कळत होतं, पण तिच्या तोंडावर कसं सांगायचं? त्या दिवसापासून माझी झोप गेली. ती पायरीवर पाटी उतरवून “काल एक खेळ संपलो” म्हणाली की आळीतल्या बायका हसायच्या आणि मी मनात वजाबाकी करायचो. आठ. सात. सहा.

त्यात पंधराव्या खेळापासून शब्द थांबले. तांडेल खेळायचे, पण नवा शब्द येईना. काकी म्हणायची, “अडाकलो आसतलो खंयतरी. फुडच्या खेळात येतलो. आसत रे अजून नवशेच्या वर.” आणि माझ्याकडे अशी बघायची की मी रेडिओत डोकं घालायचो.

कुडाळच्या आठवड्याच्या बाजारात जाऊन मी दुसरी कॅसेट शोधली. एक मिळाली, तिच्यावर ‘१०,००,००० खेळ’ असं लिहिलं होतं. मोठ्या आशेने आणून लावली. त्यात खरे खेळ चौदा, आणि चौदाही आपलेच. कणकवलीला विचारलं तर दुकानदार म्हणाला, हे डबे आता येत नाहीत, आता कॉम्प्युटर घ्या. एका हाताच्या माणसाला आणि एका मासळीवालीला कॉम्प्युटर कोण शिकवणार? घरी येताना एसटीत बसून मी देवाकडे नवा खेळ मागत होतो. पस्तिशी उलटलेला माणूस मी.

असं करत वर्ष गेलं आणि पुढच्या जानेवारीत एकविसावा खेळ संपला. काकी पहाटेच नारळ घेऊन दाराशी आली, “आज बाविसावो सुरू करूया, तीन वाजता ये.” मी काय करावं? मी खोटं बोललो. अडॅप्टर गरम होतो, बदलून देतो, म्हणून डबा दुकानात आणून ठेवला आणि पार्ट मिळत नाही, पार्ट मिळत नाही करत आठ दिवस काढले.

नवव्या दिवशी ती दुकानात आली. पाटी नव्हती. खेळाचं काही बोलली नाही. “दिगू,” म्हणाली, “तांडेलांनी तोंड भिंतीकडे केल्यानी. चाय पण मागणत नाय.” आणि काउंटरला धरून उभी राहिली. मला माझीच लाज वाटली. धड असलेला डबा फडताळातून काढला आणि तिच्या पाठोपाठ निघालो.

तीन वाजता गाऱ्हाणं झालं. मी हुंकार दिले, कसे दिले ते मलाच माहीत. काकीने तांडेलांना उठवून बसवलं, पाठीशी उशी लावली, रिमोटचा डावा अर्धा त्यांच्या हातात दिला. यादी बाविसाव्यावर आली. तिने बटण दाबलं.

पडद्यावर समुद्र आला आणि खालच्या कोपऱ्यात ती होडी.

काकी माझ्याकडे वळली. “रे, ह्यो झाल्लो मा?”

मी शेवटी सांगून टाकलं. “काकी, फुडे सगळे तेच आसत. एकवीसच खरे. माका वरीसभर ठावक आसा.”

ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. रिमोटवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि त्या हाताकडे बघत बसली. ते नऊशे शब्द तिने मनात कुठे कुठे वापरून ठेवले असतील कोण जाणे. मी दाराकडे बघत होतो. पळून जावंसं वाटत होतं.

तांडेलांनी मात्र आपला अर्धा सोडला नव्हता. होडी हलली. एकटी, डावीकडे, सावकाश.

“खडप,” तांडेल म्हणाले. पडद्यावर काही नव्हतं. दोन क्षणांनी खडप आला आणि होडी त्याच्या बाजूने गेली.

“हंय पाणी कमी,” ते म्हणाले. मी काकीकडे बघितलं, काकीने माझ्याकडे. तीन शब्द एका दमात. “फुडे भोवरो. थांब... थांब... आता मार!”

काकीचा हात आपोआप रिमोटवर गेला आणि तिने बटण दाबलं. होडी भोवऱ्यावरून उडून पलीकडे पडली. मागच्या वेळी इथेच त्यांच्या चार होड्या गेल्या होत्या. तांडेल पुढे बोलतच होते. जिभेवर शब्द अडखळत होते, अर्धं तोंड वाकडं होत होतं, पण पडद्याच्या आधी दोन क्षण त्यांचा हुकूम येत होता. डावीकडे दोन खडप आहेत. मधून जा. इथे वारा उलटा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही दोघं त्यांना नवं नवं पाणी दाखवत होतो. नव्या पाण्यात तांडेल बोलणार काय? ज्या वाटेने एकदा जाऊन आला, तिथले खडप ज्याला पाठ आहेत, तिथेच तो हुकूम देतो. ह्या समुद्रात त्यांनी अकरा होड्या घालवल्या होत्या. आता तो त्यांचा होता. आणि मी वर्षभर ज्या गोष्टीला भीत होतो, ती झाली होती आणि त्यामुळेच तांडेल बोलत होते.

मी आनंदाने काकीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. तांडेलांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होती, तोंड अर्धं उघडं, बटणावर बोट तसंच. समोर मोठा खडप आला. तांडेल म्हणाले, “मार!” तिला ऐकूच गेलं नाही. ते परत म्हणाले, “मार!” होडी आपटली आणि बुडाली.

तांडेलांनी मान वळवली. चेहरा लाल झाला होता. आणि तो जुना, दुसऱ्या होडीवर ऐकू जाणारा आवाज त्या एवढ्याशा ओटीवर फुटला.

“फुडे बघ गो येसू! माझ्या तोंडाकडे काय बघतंस?”

शेजारच्या अंगणातली धुणी धुणारी बाईसुद्धा थांबली.

काकी उठली. “चूल बघतय,” म्हणाली आणि मागीलदारी गेली. बराच वेळ आली नाही, तेव्हा मी गेलो. चूल विझलेली होती. ती न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर पदर, खांदे हलत होते.

“काकी, रडा नको. माझा चुकला. मी आधीच सांगूक होया होता.”

तिने मान हलवली. पदर काढला. डोळे वाहत होते आणि ती हसत होती, लग्नाच्या पहिल्या वर्षातल्या बाईसारखी.

“तुझा काय नाय रे दिगू,” म्हणाली. “सवा दोन वर्सां झाली. ह्या घरात माका कोणी ओरडूक नाय.”

आतून पुन्हा हाक आली, आणखी मोठ्याने. ती डोळे न पुसताच आत धावली.